रीमची पोर, दानाचं दूध

बिदिया,
३ फेब्रुवारी

प्रिय घालिया,

सलाम. इथे सगळे ठीक, आणि तिथे तूही ठीक असशील असं मी धरून चालते, कारण तू काही कळवणार नाहीस. तुझा फोन लागत नाही. म्हणजे आपल्या मावशीचा, मोझाखालाचा लागतो, माझा लागत नाही, एवढं आता माझ्याही डोक्यात शिरलंय. म्हणून कागद घेतला. सूरला भाजी नेणारा मसऊद हे पाकीट तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात सरकवेल. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच.

बाबा ठणठणीत आहेत. गुडघा कुरकुरतो आणि ते गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतात. सुलैम तुला सलाम सांगतो. लग्नाला तू आली नव्हतीस, त्यामुळे तो तुला फोटोतच ठाऊक, पण नवरा म्हणून बरा निघाला. माझी कॉफी मात्र सुटली. वाससुद्धा नकोसा होतो. बाबा रोज सकाळी किटली माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, "बिदियात जन्मून कॉफीला नाही म्हणतेस? लोकांना तोंड कसं दाखवू?"

नोकरी तीच, गावाबाहेरच्या पशुकेंद्रातली. पण हल्ली मी जे करते आहे ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. हसू नकोस. मी उंटांची भीती मोजते.

बाबांची रीम तुला आठवत नसेल, तू तिला पाहिलेलंच नाहीस. शर्यतीची सांडणी, लालसर, पाय असे लांब की बघत राहावं. सरावात तिच्या पुढे कुणी जात नाही. आणि शर्यतीच्या दिवशी सोबत धावणाऱ्या गाड्यांचे भोंगे वाजले की बाईसाहेब उलट्या फिरतात! गेल्या वर्षी तर थेट पाहुण्यांच्या मांडवात शिरली. हलव्याची थाळी उडाली ती एका शेखांच्या मांडीवर. बाबा पंधरा दिवस बाजाराकडे फिरकले नाहीत.

बाबांचं म्हणणं ठरलेलं. "रक्तच तसं. हिची आई अशीच होती, आजी अशीच होती. वेगही रक्तातला, भित्रेपणाही रक्तातला. आता पुरे झालं, हा वंश मी इथेच थांबवणार." तुला माहीत आहे ते कसे बोलतात. आपल्या माणसांना सात पिढ्यांच्या सांडण्यांची नावं पाठ असतात. कोण कुणाच्या पोटची, झोपेतून उठवून विचारा. पण कोण कुणाच्या कासेला वाढली, ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ते कुणी लक्षातच ठेवत नाही.

माझ्या वरिष्ठ डॉ. सामिया ट्युनिसच्या आहेत. बोलतात भरभर, चालतात त्याहून भरभर. त्यांनी मला वाचायला दिलं की उंदरांच्या, माकडांच्या बाबतीत लोकांनी हे पुष्कळ तपासलं आहे. जन्मल्याबरोबर पिल्लाला आईपासून तोडलं, किंवा आईच घाबरलेली असली, तर पिल्लू मोठेपणी सावलीला दचकतं. पण सगळीच पिल्लं नाही. काहींचं रक्तच असं की त्यांना काही चिकटत नाही. मग किती रक्ताचं आणि किती कुशीचं, म्हणजे वाढवणारीचं, हे ओळखायचं कसं? बाई म्हणाल्या, "सोपं आहे. पिल्लांची अदलाबदल करायची. पण उंटांवर कोण करणार? सांडणी परकं पिल्लू जवळ घेईल होय?"

मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे हे हजार वर्षं चाललंय."

डिसेंबरात रीम आणि आपली म्हातारी दाना एकाच दिवशी व्यायल्या. दाना म्हणजे दगड. तिच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवा, ती रवंथ करत राहील. मी बाबांच्या मागे लागले. पिल्लू मेलेल्या सांडणीला पोरकं पिल्लू लावतात तसं करू या, फक्त इथे दोन्ही जिवंत आहेत, तेव्हा उलटसुलट करू. बाबांनी मला वेड्यात काढलं. मग म्हणाले, "रीमची पोर दानाकडे गेली तर निदान दूध तरी सज्जनाचं पिईल." आणि स्वतःच कामाला लागले. दोघींच्या डोळ्यांवर पट्ट्या, नाकांवर फडकी. एकीच्या पिल्लाच्या अंगचा ओलावा दुसरीच्या पिल्लाला चोळला. दानाने पट्टी सुटल्यावर वास घेतला, चाटलं, झालं. रीमने मात्र आम्हाला रडवलं. लाथ मारायची, मग स्वतःच्याच लाथेला घाबरायची. शेवटी बाबा तिच्या मानेला टेकून गुणगुणत बसले तेव्हा कुठे तिने पोरीला पिऊ दिलं.

मोझाखाला फोनवर सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे त्या दोघी आता दूधबहिणी झाल्या. एकमेकींच्या भावांशी लग्न लावू नका हो, आपल्यात चालत नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसली. मग खोकला आवरून म्हणाली, "माझी घालियाही अशीच आली होती माझ्याकडे. ओली."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक भुंगा आहे. आपला भाऊ सैफ गेला तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. आईचं सगळं रडणं, सगळी रात्रंदिवसाची थरथर तू आतून ऐकलीस. मी तर दोन वर्षांनी आले. मग नियमाने भित्री तू व्हायला हवी होतीस ना? आणि तू बायकांना सूरच्या चौकात ट्रक चालवायला शिकवतेस. मी अजून वाटेत वादी, ती पावसात अचानक भरणारी नदी, आली की मागच्या सीटवर डोळे मिटून आडवी होते, कोरड्या पात्रातसुद्धा. पाणी बादलीत जास्त भरलं तरी माझा श्वास अडतो. आपलं रक्त एक. तुझ्या वाट्याला दुःख आधी आलं. फरक एवढाच की तुला मोझाखालाने वाढवलं आणि मला आईने.

रक्त की कूस, हे मला उन्हाळ्याच्या आत कळायला हवंय. उंटांसाठी नाही. एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती ठरवताना मला तू हवी आहेस. एवढंच लिहिते. पुढचं लिहायला हात धजत नाही.

एक ओळ तरी पाठव.

तुझी,
रय्या


सूर,
१९ फेब्रुवारी

रय्या,

आजच्या जमान्यात पत्र कोण लिहितं? मसऊदने पाकीट दिलं तेव्हा मला वाटलं, कोर्टाचं समन्स आलं.

तुला काय वाटलं, मी मठ्ठ आहे? कॉफीचा वास नकोसा. उन्हाळ्याच्या आत. हात धजत नाही. कितवा महिना आहे ते सरळ लिहायला शाई संपली होती का? मुबारक असो. मनापासून म्हणतेय. हे वाचून मी शिकाऊ बाईला गाडीत एकटी सोडून आत जाऊन बसले. तिने क्लच सोडला आणि मोझाखालाचं लिंबाचं झाड पाडलं. त्याचा हिशोब तुझ्या नावावर.

आणि ती गोष्टही मला आता ठाऊक आहे, पत्र वाचून मी घरात विचारलं. मोझाखालाच्या पोटात काही राहत नाही. तिने तुला सांगितलं ना, की रय्याचे हात असे थरथरतात, बाळ जन्मलं की वर्षभर घालियाकडे सूरला द्या, आपल्या घरात ही रीत पडलीच आहे? आणि तू नाही म्हणाली नाहीस. तू उंटांकडे गेलीस विचारायला. हे अगदी तुझंच.

खोली आहे माझ्याकडे. समुद्राचा वारा येतो. मी सांभाळीनही, चांगली सांभाळीन. पण हो किंवा नाही मी सांगणार नाही. त्याऐवजी, जी दिली गेली तिच्याकडून ऐक.

मी सुखात वाढले. राग त्याचाच येतो. रडगाणं गायलाही जागा नाही. मोझाखालाने मला तिच्या पोरांच्या आधी घास दिला. मी पडले तर ती धावायची नाही, उंबऱ्यावरून ओरडायची, "झालं? ऊठ आता, मासे करपतायत!" म्हणून मी उठायला शिकले. तुझ्या भाषेत, चांगली कूस.

पण दर ईदला बाबांची गाडी यायची. नवा झगा यायचा, हलवा यायचा. आई यायची नाही. मी गाडीच्या मागच्या सीटवर वाकून बघायचे, खाली लपली असेल म्हणून. सहा वर्षांची असताना मी बाबांना म्हटलं, मला घेऊन चला. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "तुझी आई म्हणते, आणू नका." बस. एवढंच. आणू नका. मग मीही ठरवलं. तिने माझ्यासाठी मधली ती वादी कधी ओलांडली नाही, मी तिच्यासाठी ओलांडणार नाही. ती गेली तेव्हाही नाही आले. लोकांनी तोंडात शेण घातलं. घालू देत.

तेव्हा बाळ द्यायचं असेल तर दे. पण त्याला "आणू नका" म्हणू नकोस.

तुझे उंट काय म्हणाले ते कळव. भित्रीची पोर भित्रीच निघाली की नाही, हे मलाही जाणून घ्यायचंय. आणि केस कापून भीती मोजतात म्हणतात ते खरं का? माझे पाठवू का? पुष्कळ गळतायत.

घालिया


बिदिया,
२२ एप्रिल

माझ्या घालिया,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की सुलैम म्हणाला, आता तेच पत्र मलाही पाठ झालं, तुझ्या बहिणीशी दोन शब्द मलाही बोलू दे. आठवा महिना आहे. आता सरळ लिहिलं, बघ.

आधी उंट, कारण तू विचारलंस. आणि दुसरं लिहायला मला थोडी उसंत हवी.

केसांचं खरं आहे. ताण असला की अंगात एक रसायन तयार होतं, ते वाढत्या केसात उतरतं. दोन्ही पोरींच्या शेपट्यांच्या टोकांचे केस कापून मस्कतला पाठवले, अहवाल अजून आलेला नाही. सरकारी टपाल आहे. तुझे केस पाठवू नकोस, त्यात फक्त तेल निघेल.

पण छत्रीची परीक्षा झाली. डॉ. सामियांची पिवळी मोठी छत्री, ट्युनिसहून आणलेली, इथे तिचा दुसरा काय उपयोग? पिल्लू आईबरोबर शांत उभं असताना ती समोर फटकन उघडायची आणि बघत बसायचं, काय करतं. उघडायचं काम बाबांनी मागून घेतलं. गुडघा वगैरे सगळं विसरले.

पहिल्यांदा रीमची पोर, दानाकडे वाढलेली. छत्री उघडली आणि ती चारही पायांवर उडाली, हुबेहूब रीम! तेच कान, तीच मान. कुंपणापर्यंत पळाली. बाबा लगेच माझ्याकडे वळले. "बघ. रक्त." मी मनात म्हटलं, झालं, उत्तर मिळालं. बाळ कुणाकडेही दिलं तरी हेच होणार.

पण बाई म्हणाल्या, "गप्प बसा, अजून संपलं नाही."

दाना हललीच नव्हती. रवंथ चालू. तिने एकदा छत्रीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि परत तोंड चालवू लागली. पोर कुंपणापाशी थरथरत उभी होती. तिने दानाकडे पाहिलं. मग एक पाऊल. मग थांबली. मग आणखी थोडी पुढे आली. शेवटी दानाच्या पोटाला घासून उभी राहिली आणि तिथून मान लांब करून छत्री हुंगली. मग चक्क चावली! बाईंची छत्री गेली कामातून. बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

मग दुसरीकडे, दानाची पोर, रीमकडे वाढलेली. छत्री उघडली, तर ती फारशी दचकली नाही. नुसती बघत राहिली. पण रीम उधळली. आणि आई पळाली म्हणून ही पळाली. मग दिवसभर दोघी कोपऱ्यात. छत्री बंद करून आत नेली तरी ही पोर पाण्याकडे यायला तयार नव्हती. भीती कसली होती ते बहुधा तिलाच ठाऊक नव्हतं. आई घाबरली होती, तेवढं पुरे.

बाई म्हणतात, दोन जनावरांची गोष्ट होते, शास्त्र होत नाही. पुढच्या हंगामात वीस पिल्लं हवीत. बरोबर आहे त्यांचं. पण मला माझ्यापुरतं दिसलं ते असं: दचकणं कदाचित रक्तातून येतं. परत येणं मात्र शेजारी कोण उभं आहे, त्यावर असतं.

आता ते दुसरं. घालिया, बसून वाच.

तुला "आणू नका" एवढंच सांगितलं गेलं. त्याच्या पुढचं मला ठाऊक होतं आणि मला वाटायचं, तुलाही ठाऊक आहे. आपल्या घरात सैफचं नाव घेत नाहीत म्हणून कोणी कोणाला काही सांगत नाही, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला सगळं माहीत आहे.

सैफ त्याच वादीत गेला. अल कामिलच्या अलीकडे, जिथून सूरचा रस्ता पात्रात उतरतो तिथेच. वरून पुराचं पाणी आलं तेव्हा आई त्याचा हात धरून होती. हात सुटला. तुला आणायचं म्हणजे त्याच पात्रातून आणायचं. आई बाबांच्या पायाशी बसून म्हणायची, "माझ्या पोरीला त्यातून आणू नका. ती पलीकडे जिवंत आहे, तिला तिथेच राहू द्या." तुझा नकोसेपणा नव्हता गं तो. ती भीती होती.

आणि ती यायची. दर ईदला बाबांच्या गाडीत ती पुढे बसायची, मी मागे. तुझा झगा तिच्या मांडीवर असायचा. काठापर्यंत ती ठीक असायची. मला सांगायची, "आज आपण घालियाला बघू हं." मग रस्ता उतरायला लागला की तिचं अंग ताठ व्हायचं. दार उघडून खाली उतरायची. एकदा तर दोन पावलं पात्रात गेली, आणि वाळूत बसली. बाबा एकटे पुढे जायचे. आम्ही दोघी ते परत येईपर्यंत बाभळीखाली बसायचो. तिने माझं मनगट धरलेलं असायचं, असं घट्ट की बोटांचे वळ उठायचे. बाबा आले की ती विचारायची, झगा बसला का? उंच झाली का? हसली का?

तू मागच्या सीटवर वाकून बघायचीस ना? ती तिथे नव्हती. ती काठावर होती. दर वेळी.

ते मनगट मला छत्रीच्या दिवशी आठवलं. दानाची पोर रीमच्या मागे पळाली तेव्हा मी नकळत माझा हात चोळत होते. आई वाईट नव्हती. ती रीम होती आणि तिच्याजवळ कुणी दाना नव्हती. तिच्यापासून पोर घेतली, पण तिच्या शेजारी कुणी येऊन बसलं नाही. हा विचार आला आणि मी तिथेच अंगणात, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडले. बाई बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं कळा सुरू झाल्या.

मी बाबांना आईचं सगळं बोलून दाखवलं. सैफचं नाव घेऊन बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठले आणि दोन्ही गोठ्यांमधला दोर सोडून टाकला. म्हणाले, "राहू देत चौघी एकत्र. बघू." आता रीम बारा वर्षांची आहे, म्हणजे आपल्या हिशोबात चांगली प्रौढ बाई. तिचं आता काय बदलणार, असं मलाही वाटलं होतं. गेल्या आठवड्यात बाबांनी नवी छत्री उघडली. रीम उधळलीच. पण थोडी जाऊन थांबली. वळून पाहिलं. दाना आपली रवंथ करत उभी. आणि रीम परत आली, घालिया. मानेवरची शीर उडत होती, पण आली. तिच्या मागे तिने वाढवलेली ती घाबरट पोरही आली. बाबा हा वंश थांबवणार नाहीत. तसं म्हणाले नाहीत, पण रीमला खजूर चारत होते.

म्हणून मी ठरवलं. बाळ मी देणार नाही. मोझाखालाला सांग, तिचा शब्द मोडते, माफ कर. मी थरथरीन, माझं बाळही बहुतेक दचकेल, ते आपल्या रक्तातच आहे. पण त्याला माझ्यापासून दूर न्यायचं नाही. कुणीतरी आमच्याजवळ यायचं. बाळंतपणाचे चाळीस दिवस तू माझ्याकडे राहशील? बाळ रडलं की मी घाबरीन, तेव्हा तू काही करू नकोस. नुसती उंबऱ्यावरून ओरड, मासे करपतायत म्हणून.

तू ती वादी ओलांडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. आधी तू ओलांडायची नाहीसच. इकडून कुणीतरी यायला हवं होतं, ते अजून आलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी, दुपारची नमाज झाली की, सूरच्या बाजूने त्या पात्राच्या काठावर ये. मी पलीकडून पात्र ओलांडून येईन. आकाश कोरडं आहे, बाबांनी तीनदा चौकशी केलीय. सुलैम शेजारी बसेल, पण गाडी मी चालवणार. त्याने मला महिनाभर अंगणात शिकवलंय. तू बघितलंस तर कपाळावर हात मारशील.

मी एकदा वळून परत जाईन बहुतेक. कदाचित दोनदाही. गाडी उलटी फिरलेली दिसली तर ओरडू नकोस, धावत येऊ नकोस, निघून तर मुळीच जाऊ नकोस. मला दिसेल अशी उभी राहा. काहीतरी चघळत राहिलीस तर उत्तमच.

वळून पाहणारी, उशिरा येणारी, पण येणारी,
तुझी रय्या